अठरा सामने, नाहीतर एक

गेल्या रविवारी सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. बाभुळगावला असतो, शेती करतो, आणि फोन करायचा तर सकाळी सातच्या आत करतो, कारण त्याच्या हिशेबाने त्यानंतर माणसं 'कामाले लागतात'. पुण्यात रविवारी सकाळी सातला कोण कामाला लागतं हे मी त्याला गेली वीस वर्षं विचारतोय. असो.

"ते पंजाबवाले फोनवर फोन करून राह्यले बाप्पा," दादा म्हणाला. "पोट्ट्याले पाठवू का नाई, तू सांग."

पोट्टं म्हणजे माझा पुतण्या. या वर्षी बारावी झाला. कबड्डी खेळतो, डावा कोपरा. माझा पुतण्या म्हणून सांगत नाही, पण त्याने एकदा घोटा धरला की चढाईवाला रेषेपर्यंत पोचत नाही. शालेय राज्यस्पर्धेत कुणा प्रशिक्षकाने त्याला बघितलं, नंबर घेतला, आणि आता पंजाबातलं एक खाजगी विद्यापीठ त्याला बोलावतंय. फी माफ, हॉस्टेल माफ, मेस माफ, बूट-किट त्यांचं. तीन वर्षं.

"फुकट हाय सारं," दादा म्हणाला. आणि मग जरा थांबून, "पण फुकट कोनी कायले देते?"

मी म्हटलं दोन दिवस दे. दोनाचे सहा झाले. मधे एक रिलीज होतं आणि नेहमीप्रमाणे शुक्रवारी रात्री कुणालातरी बग सापडला. पण डोक्यात हेच चालू होतं, तेव्हा या वीकेंडला दुसरं काही लिहिणं शक्यच नव्हतं.

आधी एक कबुली. मीही कॉलेजात कबड्डी खेळलोय. खेळलोय म्हणजे काय, तर यवतमाळला इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजचा संघ वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचा. एसटीने. स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्या फेरीत आमच्यासमोर शारीरिक शिक्षणवाल्या कॉलेजचा संघ आला, ज्यांच्या मांड्या आमच्या कमरेएवढ्या होत्या. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधे पाच मिनिटं विश्रांती. दुपारी बारापर्यंत आमचा मोसम संपला. समोसे खाल्ले, संध्याकाळच्या गाडीने परत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, फक्त समोशांऐवजी कचोरी. चार वर्षांत मी कॉलेजसाठी खेळलेले एकूण सामने पाच. त्यातला एक जिंकलो, तोसुद्धा समोरच्या संघाची जीप बंद पडली म्हणून :-)

त्या वेळी यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. कॉलेजचा खेळ असाच असतो असं वाटायचं. चुकतंय हे मला कळलं शिकागोत, २०१८ साली, आणि तेही बास्केटबॉलमुळे, ज्यातलं मला आजही फारसं कळत नाही.

झालं असं की मी तेव्हा ऑनसाईट होतो. मार्च महिना, हाडं गोठवणारी थंडी, आणि ऑफिसात अचानक सगळ्यांच्या गळ्यात मरून-पिवळे स्कार्फ. विचारलं तर कळलं, लोयोला जिंकतंय. लोयोला म्हणजे शहराच्या उत्तरेला तळ्याकाठी असलेलं, जेझुइट पाद्र्यांचं खाजगी विद्यापीठ. रेड लाईनवर त्याच्या नावाचं स्टेशनच आहे. १९६३ मध्ये एकदा राष्ट्रीय विजेतेपद, आणि त्यानंतर लोक विसरून गेले होते. त्या वर्षी अकरावं मानांकन असताना त्यांनी मियामीला दोन गुणांनी हरवलं, मग टेनेसीला एकाने, मग नेवाडालाही एकानेच, मग कॅन्सस स्टेटला आरामात, आणि पोचले थेट उपांत्य फेरीत. व्हीलचेअरमध्ये बसून संघासाठी प्रार्थना करणाऱ्या ९८ वर्षांच्या सिस्टर जीन सगळ्या टीव्हीवर. (त्या २०२५ मध्ये १०६ व्या वर्षी वारल्या.) उपांत्य फेरीत मिशिगनने लोयोलाला हरवलं, पण शहराला काही फरक पडला नाही.

मला फरक पडला तो एका आकड्याने. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला माणूस लोयोलाचा जुना विद्यार्थी. तो सहज म्हणाला, आमचा यंदाचा रेकॉर्ड ३२–६. मी मनात बेरीज केली. अडतीस. एका वर्षात अडतीस सामने! हा काही आयपीएलचा संघ नव्हे, एका कॉलेजातली मुलं आहेत. मी विचारलं, अरे एवढे सामने येतात कुठून? तो म्हणाला, अर्धे तर कॉन्फरन्सचेच असतात ना.

तर कॉन्फरन्स. आपल्याकडे या शब्दाने डोळ्यासमोर चहा-बिस्किटं आणि पॉवरपॉइंट येतं. तिकडे कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेली कायमची भिशी म्हणा ना. दहा-बारा विद्यापीठं ठरवतात की आपण दरवर्षी एकमेकांशी खेळायचं, एकदा तुमच्या घरी, एकदा आमच्या. लोयोला तेव्हा मिसुरी व्हॅली नावाच्या कॉन्फरन्समध्ये होतं. त्यात दहा संघ. प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांशी दोनदा खेळायचं, म्हणजे अठरा सामने नक्की. हरा, जिंका, अठरा. या दहातली निम्मी, म्हणजे ड्रेक, ब्रॅडली, इव्हान्सव्हिल, व्हॅल्परायझो आणि खुद्द लोयोला, ही खाजगी आणि तशी लहान विद्यापीठं.

आता इंजिनिअर माणसाला गणित केल्याशिवाय राहवत नाही. दहा संघ घ्या. बाद पद्धतीने खेळवलेत तर विजेता ठरवायला लागतात नऊ सामने, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि नऊ जणांना घरी पाठवायचंय. तेच दहा संघ घरचा-बाहेरचा अशा साखळीत खेळवलेत तर सामने होतात नव्वद. संघ तेच, पोरं तीच, खेळ तोच. नऊ आणि नव्वद. बाद पद्धत ही विजेता शोधण्याची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे, यात वाद नाही. पण ती खेळाडू घडवण्याची पद्धत नाही. निम्मे संघ पहिल्याच सामन्यात बाहेर पडतात, आणि बाहेर पडतात ते नेमके ज्यांना खेळायची सगळ्यात जास्त गरज आहे ते.

आपल्याकडची रचना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजं एका संलग्न विद्यापीठाखाली असतात. आमच्या बाभुळगावचं, यवतमाळचं विद्यापीठ अमरावतीचं. कॉलेजांची आपसात स्पर्धा होते, त्यातून आणि निवडचाचणीतून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ निघतो (सात मैदानात, पाच राखीव), या बारा जणांना कलर कोट मिळतो, काही दिवसांचं शिबिर होतं, आणि संघ जातो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान वगैरे. हे सगळं भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, चालवते. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीयला. तिथले पहिले आठ खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेला. म्हणजे गाळणीवर गाळणी.

गंमत म्हणजे 'रिअलाइनमेंट' आपल्याकडेही झालेली आहे, फक्त आपण तिला विद्यापीठाचं विभाजन म्हणतो. यवतमाळची पोरं १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठाच्या संघासाठी धडपडायची. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि एका दिवसात वऱ्हाडातल्या पोरांसाठी बारा नव्या जागा तयार झाल्या. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीसाठी तसंच. ही विभाजनं अर्थातच कबड्डीसाठी झाली नव्हती. ती झाली प्रशासनासाठी आणि राजकारणासाठी. पण खेळाडूच्या बाजूने बघितलं तर जवळच्या दरवाजातून आत शिरायची संधी वाढली.

मग आली खाजगी विद्यापीठं, आणि इथे सगळा खेळ बदलला.

कसा ते बघा. अमरावती विद्यापीठाला पाच जिल्हे आहेत: अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ. कॉलेजं शेकड्यांनी. या सगळ्यांतून निघणार बारा जण. खाजगी विद्यापीठाचं आवार एकच. आणि एआययूच्या लेखी तेही एक विद्यापीठच, त्यालाही बाराच जागा. आमची बारा पोरं पाच जिल्ह्यांतून गोळा होतात, शिबिरात एकमेकांची नावं पाठ करतात, आणि स्पर्धेला जातात. त्यांची बारा एकाच हॉस्टेलात राहतात, रोज सकाळ-संध्याकाळ एकाच मॅटवर सराव करतात. कबड्डीत डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा यांनी नजरेने बोलायचं असतं. ते शिबिरात येत नाही, एका ताटात जेवून येतं.

निकाल समोर आहेत. विद्यापीठीय खेळांतली सगळ्यात मानाची मौलाना आझाद करंडक स्पर्धा १९५६-५७ पासूनची. कित्येक दशकं त्यावर अमृतसरचं गुरू नानक देव, चंदीगडचं पंजाब, पतियाळाचं पंजाबी, अशा सरकारी विद्यापीठांची सत्ता. २०२४ च्या पुरस्कारांत पहिलं आलं चंदीगड युनिव्हर्सिटी, दुसरं लव्हली प्रोफेशनल, दोन्ही खाजगी, आणि गुरू नानक देव तिसरं. त्याआधी २०२२ मध्ये बंगळुरूला झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत जैन विद्यापीठ २० सुवर्णांसह पहिलं, लव्हली १७ सुवर्णांसह दुसरं. ही दोन्हीसुद्धा खाजगी. चंदीगड युनिव्हर्सिटी तर २०१२ ची आहे! माझ्या पहिल्या लॅपटॉपपेक्षा लहान.

यावर आमच्याकडच्या क्रीडाशिक्षकांची तक्रार ठरलेली असते. "आम्ही घडवायचं आणि यांनी पळवायचं." मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा एका सरांकडून हे अर्धा तास ऐकलं. सर माझ्या आदराचे आहेत, त्यांनी पदरमोड करून पोरांना बूट घेऊन दिलेले मी पाहिलेत. पण मला हे पटत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे, पोरं बाहेरून आणून संघ बांधणं हा काही पंजाबचा शोध नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्यांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात देशाच्या कुठल्याकुठल्या कोपऱ्यातून पोरं येतात. मणिपूरचं पोरगं अमरावतीला आलं की आपण म्हणतो, बघा आपल्या संस्थेचं नाव कुठवर पोचलंय. बाभुळगावचं पोरगं पंजाबला निघालं की म्हणतो, पळवलं.

दुसरं कारण जरा वैयक्तिक. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एक कंपनी कॅम्पसला आली, एक पेपर, एक इंटरव्ह्यू, आणि मला पुण्याला घेऊन गेली. त्याला आपण कॅम्पस रिक्रूटमेंटच म्हणतो. यवतमाळ जिल्ह्याने मला शिकवलं, आणि फायदा झाला पुण्याच्या कंपनीचा, तिच्यामार्फत शिकागोच्या एका विमा कंपनीचा. त्या दिवशी दादाने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. कोणी म्हणालं नाही की पोराला पळवलं. डोक्याने खेळणारा गेला तर प्रगती आणि पायाने खेळणारा गेला तर पळवापळवी, हे कसं काय?

तर मग पाठवावं, विषय संपला? नाही ना. इथेच मला लोयोलाच्या पुढची गोष्ट आठवली.

ती अशी. लोयोला मिसुरी व्हॅलीत मुळात आलं कसं? २०१३ मध्ये सात कॅथलिक विद्यापीठांनी फुटबॉलवाल्यांशी काडीमोड घेतला आणि 'बिग ईस्ट' हे नाव घेऊन वेगळा संसार मांडला. त्यांनी मिसुरी व्हॅलीतून क्रेटन उचललं. रिकाम्या खुर्चीवर मिसुरी व्हॅलीने होरायझन लीगमधून लोयोला आणलं. होरायझनने आपली खुर्ची भरायला समिट लीगमधून ओकलंड आणलं. लग्नात पंगतीत एक जण उठला की सगळी रांग एकेक पाट सरकते, तसं. २०१८ च्या पराक्रमानंतर लोयोलाची किंमत वाढली, २०२१ मध्ये प्रशिक्षक ओक्लाहोमाला गेला, २०२२ मध्ये विद्यापीठच मिसुरी व्हॅली सोडून अटलांटिक १० मध्ये गेलं. २०२४ पासून तर कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये खेळतं. कॅलिफोर्निया पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आहे, हे मी सांगायला नकोच. म्हणजे रत्नागिरीच्या संघाने बंगालच्या उपसागर चषकात खेळायचं. का? टीव्हीचा पैसा.

आणि खेळाडू? २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या सेंट पीटर्स नावाच्या चिमुकल्या जेझुइट विद्यापीठाने केंटकीला हरवलं, पंधरावं मानांकन असून शेवटच्या आठांत पोचले. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. काही दिवसांत प्रशिक्षक दुसरीकडे गेला, आणि मग संघातले मुख्य खेळाडूही पांगले. २०२१ पासून तिकडे नियम बदललेत. विद्यार्थी एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलू शकतो, आणि स्वतःच्या नावाच्या जाहिरातीचे पैसे घेऊ शकतो. २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. हे सगळं खेळाडूच्या बाजूने योग्यच आहे असं माझं मत. वर्षानुवर्षं त्यांच्या जिवावर प्रशिक्षक गडगंज झाले. पण लहान खाजगी विद्यापीठाचा त्यात चुराडा होतो. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसचा संघ मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळला, आणि त्यानंतर आठवड्याभरात विद्यापीठाने जाहीर केलं की आम्ही पहिल्या श्रेणीतून थेट तिसऱ्या श्रेणीत जातोय. झेपत नाही. आपल्या भाषेत, रणजीची बाद फेरी खेळून आल्यावर क्लबने सांगायचं की यापुढे तालुका पातळी.

तिसऱ्या श्रेणीची एक गोष्ट मजेशीर आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तरी लहान खाजगी कॉलेजं तिथे भराभर खेळ सुरू करतात, कारण खेळायला मिळतंय म्हणून येणारा विद्यार्थी फी भरतो. संघात चाळीस पोरं घेतली की चाळीस जागा भरल्या. म्हणजे तिथे खेळाडू हेच गिऱ्हाईक. आपल्याकडे उलटं. खेळाडू फुकट, आणि त्याच्या पदकाचा फोटो होर्डिंगवर लावून गिऱ्हाईक आणायचं बी.टेक.चं. दादाच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. फुकट कोनी कायले देते? दादा, तुझं पोट्टं म्हणजे जाहिरातीचा खर्च आहे.

हे ऐकायला वाईट वाटतं, पण यात लाज नाही. जाहिरातीचा खर्च म्हणून का होईना, चार वेळचं जेवण, मॅट, फिजिओ मिळत असेल तर घ्यावं. फक्त एक लक्षात ठेवायचं, की मार्केटिंगचं बजेट हे कंपनीत सगळ्यात आधी कापलं जातं. आयटीत असलेल्या कुणालाही हे पटवून द्यायची गरज नसावी.

म्हणून मी दादाला पाच प्रश्न पाठवले, प्रशिक्षकाला विचारायला. व्हॉट्सॲपवर, मराठीत, आणि पोराने त्याचं हिंदी केलं.

पहिला, हे सगळं कागदावर देणार का, विद्यापीठाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी? आत्तापर्यंत जे आहे ते फोनवरचं आणि एका व्हॉइस मेसेजमधलं. दुसरा, सवलत तीन वर्षांची की दरवर्षी नव्याने ठरणार? आणि ठरणार तर कशावर? तिसरा, गुडघा गेला तर? कबड्डीत कोपऱ्यातल्या खेळाडूचा गुडघा किंवा खांदा कधी ना कधी जातोच. तेव्हा उपचार कोणाचा, आणि उरलेल्या वर्षांची फी माफ राहणार का भरावी लागणार? चौथा, तुमच्याकडे आत्ता डावे कोपरे किती आहेत? हा प्रश्न पोराला फार लागला. पण ते विद्यापीठ उत्तर विभागात खेळतं, जिथे हरियाणाची विद्यापीठं आहेत, कबड्डीचं माहेरघर. तिथे तीस पोरं घेऊन बारांचा संघ होत असेल, तर हा तीन वर्षं मॅट पुसत बसेल. इथे अमरावतीकडून निदान कलर कोटाची खरी शक्यता आहे. पाचवा, वर्गात बसू देणार का? डिग्री कसली, आणि परीक्षा स्पर्धेच्या तारखांना आली तर काय?

आणि सहावं एक काम दादालाच सांगितलं: जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचार, की परराज्यातल्या विद्यापीठाकडून खेळलं तर आपल्याकडच्या सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाला ते प्रमाणपत्र चालतं का. तेही लेखी घे. बाभुळगावात कबड्डी खेळणाऱ्या दहातल्या नऊ पोरांच्या डोक्यात प्रो कबड्डी असते आणि दहाच्या दहांच्या बापांच्या डोक्यात पोलीस भरती.

आता माझं मत, ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात. पोराने जावं. पण तो गेला म्हणून माझा राग खाजगी विद्यापीठावर नाही. माझा राग आमच्या रचनेवर आहे, जिने त्याला इथे राहायचं एकही कारण दिलेलं नाही. बाभुळगावच्या आसपास तासाभराच्या टप्प्यात यवतमाळ आहे, कळंब आहे, धामणगाव रेल्वे आहे, राळेगाव-नेर थोडं पुढे. प्रत्येक ठिकाणी कॉलेज, मैदान, आणि कबड्डीला लागतं काय हो? बेसबॉलसारखं काही नाही. दहा कॉलेजं घ्या. दर शनिवारी सामने, एकदा इथे, एकदा तिथे. संघ एसटीने सकाळी जाईल आणि रात्री घरी येईल. मुक्कामाचा खर्च शून्य. अठरा आठवडे, अठरा सामने. विद्यापीठाची निवडचाचणी मग एका दिवसाची जत्रा राहणार नाही, निवड समितीकडे अठरा सामन्यांची वही असेल. आणि बाभुळगावच्या लोकांना आपल्या कॉलेजचा संघ आपल्या गावात खेळताना वर्षातून नऊ वेळा बघायला मिळेल. माझ्या चार वर्षांत आम्ही आमच्याच कॉलेजच्या मैदानावर एकही अधिकृत सामना खेळलो नव्हतो, हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

यावर सरांनी (तेच, दिवाळीतले) सांगितलेल्या अडचणी खऱ्या आहेत. शारीरिक शिक्षण संचालकांची पदं कित्येक ठिकाणी रिकामी. सेमिस्टरमुळे परीक्षा सारख्या मानगुटीवर. पंचांचं मानधन कोण देणार? कापूस वेचायच्या दिवसांत शनिवारी पोरं रानात. पडेल संघ तिसऱ्या सामन्यानंतर येणंच बंद करेल. मी एवढंच म्हटलं, की सर, दहाने नाही तर पाच कॉलेजांनी सुरू करा. आठ सामने होतात. एकापेक्षा आठ जास्तच. सर म्हणाले, तुम्ही लोक पुण्यात बसून फार छान हिशेब करता. तेही खरंच आहे.

पंचांच्या मानधनाचं एका वर्षाचं मी बघतो असं मी त्यांना सांगून आलोय. ऑफिसातल्या विदर्भातल्या दोघा-तिघांना विचारलंय, एक हो म्हणाला, एक म्हणाला एक्सेल पाठव. एक्सेल पाठवलंय. सरांकडून अजून उत्तर नाही.

पंजाबहून मात्र काल उत्तर आलं. दोन पानी पत्र, इंग्रजीत, शिक्का आहे. दादाने फोटो काढून पाठवला, अर्धा त्याच्या अंगठ्याखाली. फी, हॉस्टेल, मेस, सगळं लिहिलंय. सवलत दरवर्षी 'कामगिरीच्या आढाव्यानंतर' पुढे चालू. दुखापतीबद्दल एक अक्षर नाही. डाव्या कोपऱ्यांच्या प्रश्नाला प्रशिक्षकाने फोनवर हसून उत्तर दिलं म्हणे: पाच आहेत, पण तुमच्या पोरासारखा नाही. पाचही जणांच्या बापांना हेच सांगितलं असणार, असं दादा म्हणाला. पोरगं म्हणालं, पाचच आहेत ना? मग जमते.

दुखापतीचं कलम घालून द्या असा मेल मी पोराच्या नावाने आज सकाळी पाठवलाय. प्रवेशाची शेवटची तारीख गुरुवार. पोराने बॅग अर्धी भरून ठेवलीये असं वहिनी सांगत होती, आणि दादा रोज ती उघडून बघतो की अजून काय काय राहिलंय.